पिशवीतले दोन पाहुणे

फार पूर्वी, मासे बोलत आणि माणसं गप्प बसत तेव्हाची गोष्ट. गणपुले मास्तरांच्या दिवाणखान्यात माशांची कपाटाएवढी काचेची पेटी होती. तीत वर अरोवानाबाई मिरवायच्या, मध्ये चपटे रुपेरी भाऊ फिरायचे आणि तळाशी म्हातारा सकरमासा काच चाटायचा.

एकदा मास्तरांनी दुकानातून पाणी भरलेल्या दोन पिशव्यांत दोन नवे मासे आणले. पेटीतल्या पाण्याची सवय व्हावी म्हणून पिशव्या तशाच पेटीत तरंगत ठेवल्या. मुलगी बघायला जमतात तसे सगळे जमले.

पहिल्या पिशवीत बोटभर मिशाळ मासा होता. "नमस्कार काकू! दादा, किती गुटगुटीत हो तुम्ही!"

दुसऱ्या पिशवीतला जाडा गुरामी गुरगुरला, "मला कोपरा द्या. बडबड नको."

"हा खडूस जाऊ दे परत. छोटा किती गोड आहे!" अरोवानाबाई भुलल्या. तुम्हीही भुलला असतात, हसता काय?

सकरमासा म्हणाला, "बाळा, दमलास. मोकळी जांभई दे बघू."

मिशाळाने दिली. तोंड या कल्ल्यापासून त्या कल्ल्यापर्यंत उघडलं. रुपेरी भाऊ आतली जागा बघून मागे सरले.

"अगं बाई! आणि हा अजून वाढायचाय!" अरोवानाबाई किंचाळल्या.

"मग बघता काय? त्याच्या पिशवीभोवती पोटं वर करा!" सकरमासा ओरडला.

सगळे उलटे तरंगले. मास्तर घाबरले. "हा मिशाळ रोगट दिसतोय!" म्हणत पिशवी घेऊन दुकानाकडे पळाले.

गुरामी राहिला. आजतागायत तो कुणाशी धड बोललेला नाही. रुपेरी भाऊ मात्र झोपायला त्याच्याच शेजारी जातात.