दोरा तोडायचा राहिला

नदीकाठच्या एका बाजारगावी द्वारकाबाई नावाची बाई राहायची. आकडीच्या सुईनं ती दोऱ्याची जाळी विणायची. ताटावर झाकायचे रुमाल, दाराची तोरणं, परकराला लावायच्या झालरी. दर मंगळवारी चावडीच्या ओट्यावर चादर पसरून ती हा माल विकायला बसायची. विणणाऱ्या बायकांची तिथं रांगच असे. ओटा लहान आणि बायका फार, त्यामुळे ओट्यावर जागा असणं ही गावात मोठी गोष्ट होती.

ही जागा मालाच्या जोरावरच टिकायची. मंगळवारी सकाळी गुणाजी मुकादम काठी टेकत रांगेतून जायचा. प्रत्येकीच्या चादरीवर निदान एक तरी पुरी झालेली वस्तू त्याला दिसावी लागे. पुरी म्हणजे दोरा तोडून टोक आत लपवलेली. दोऱ्याच्या गुंड्याला अजून लोंबणारी वस्तू गुणाजी मोजत नसे. पूर्वी काही बायका एकच अर्धा रुमाल मांडीवर घेऊन महिनोन्‌महिने जागा अडवायच्या. गप्पा तेवढ्या पुऱ्या करून उठायच्या. म्हणून हा नियम आला होता. एका मंगळवारचा खाडा माफ होता. लागोपाठ दुसरा पडला, की जागा पायरीशी थांबलेल्या बाईची.

पायरीशी सोनाबाई थांबलेली असे. काखेत गाठोडं, तोंडावर हसू. ती दर बाजारी ओट्यावरच्या सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी करायची. कुणी खोकलं तर जवळ येऊन करायची.

द्वारकाबाईचे डोळे मंदावले, तेव्हा तिनं सुई सुनेच्या हातात दिली. सून मंजुळा, नुकतीच लग्न होऊन आलेली. बोलायला कमी, हाताला चपळ. माहेरी तिची जाळी बघायला शेजारच्या वाडीतून बायका यायच्या.

"माझा जुना माल संपत आलाय," द्वारकाबाई म्हणाली. "पुढच्या बाजारापासून तुझा. जागा सांभाळ म्हणजे झालं."

सासरी आल्यावर मंजुळेला पहिल्यांदाच कुणी काही सांभाळायला दिलं होतं. तोवर तिच्याकडे फक्त डोक्यावरचा पदर होता.

तिनं रुमाल विणायला घेतला. मधोमध फूल, भोवती पाकळ्या, पाकळ्यांच्या बाहेर जाळीच्या फेऱ्या. अर्ध्यावर आला आणि मंगळवार उजाडला. त्या दिवशी सासूचं जुनं तोरण चादरीवर होतं म्हणून निभावलं. तेही दुपारपर्यंत विकलं गेलं. मंजुळा मात्र बसल्या बसल्या शेजारच्या जनाक्काच्या चादरीकडे बघत होती. जनाक्काच्या झालरींवर गिऱ्हाईक तुटून पडलं होतं. आपल्या हातातल्या रुमालाकडे कुणी बघतसुद्धा नाही, हे तिच्या मनाला लागलं. अर्ध्या रुमालाकडे कोण बघणार, हे काही तिच्या मनात आलं नाही.

घरी येऊन तिनं रुमालाचा दोरा ओढला.

शिंप्याचं एक बरं असतं. कापड एकदा कापलं की तो मागं फिरू शकत नाही. विणणारीचं तसं नसतं. दोरा तोडलेला नसेल तोवर सगळं परत घेता येतं. टोक धरून ओढलं, की फेरीमागून फेरी सर्र सर्र सुटत जाते आणि आठवडाभराचं काम पुन्हा गुंडा होऊन मांडीवर येऊन बसतं. काहीच चुकलं नाही, कारण काही झालंच नाही.

मंजुळेनं झालर घातली. वीतभर झाली असेल नसेल, पाणवठ्यावर कुणीतरी म्हणालं, लग्नसराई जवळ आली, आता तोरणांना मागणी. झालर उसवली, तोरण घातलं. तोरणाची टोकं सारखी दिसेनात. तोरण उसवलं, पुन्हा रुमाल घातला. सासूला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण उसवण्याचा आवाज यायचा.

"निघालीस का गं परत मागं?" ती आतून विचारायची.

"थोडंसंच, आत्याबाई."

संध्याकाळी नवरा हरबा शेतावरून आला, की हात धुता धुता विचारायचा, "कुठवर आलं?"

एकदा मंजुळेनं खरं तेच सांगितलं. "सुरुवातीपर्यंत."

हरबानं भाकर वाढून घेतली.

पुढच्या मंगळवारी चादरीवर काहीच नव्हतं. मंजुळा मांडीवर गुंडा घेऊन बसली. गुणाजी समोर थांबला, काठीनं रिकाम्या चादरीला शिवला आणि म्हणाला, "खाडा."

"तब्येत बरी आहे ना गं?" सोनाबाईनं पायरीवरून विचारलं.

जनाक्का शेजारून बघत होती. तिनं मंजुळेच्या गुंड्यातला दोरा बोटावर घेऊन पाहिला. तोच तोच उसवलेला दोरा कुरळा झाला होता, मळला होता. जनाक्का म्हणाली, "पोरी, तुझा दोरा एवढ्यात काशी करून परत आला असता. आणि तू अजून ओट्यावरच."

रांग हसली. मंजुळाही थोडी हसली. मग तिचं हसू आवरेना, आणि मग डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं नाक पुसायच्या निमित्तानं पुसलं.

तो आठवडा वाईट गेला. चुलीपाशी बसली की हाताला सुई आठवायची, सुई घेतली की चुलीवरचं दूध आठवायचं. पाण्याला गेली तर वाटेतूनच परतावंसं वाटायचं. पण या खेपेला तिनं रुमाल सोडला नाही. फूल झालं, पाकळ्या झाल्या, जाळीच्या फेऱ्या वाढत गेल्या. मंगळवारी सकाळी शेवटची फेरी तेवढी राहिली. ती ओट्यावर बसून करता येईल, असं ठरलं. द्वारकाबाई हात धरून बरोबर आली.

ओट्यावर चादर पसरून मंजुळेनं रुमाल त्यावर उलगडला. पहिल्यांदाच तो तिला सकाळच्या उन्हात, सपाट पसरलेला दिसला. आणि दिसली एक पाकळी. फुलाच्या अगदी जवळची. बाकीच्यांपेक्षा बारकी, जरा आखडलेली. एक खांब, म्हणजे विणीतला उभा टाका, कमी पडला होता.

रांगेच्या पलीकडच्या टोकाला गुणाजीची काठी वाजली.

मंजुळेनं शेवटची फेरी सुरू केली. सुई दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली. नजर पाकळीवर. ती पाकळी आता तिला एवढी मोठी दिसायला लागली, की रुमालात दुसरं काही उरलंच नाही. तिनं सुई काढली आणि दोरा ओढला.

"अगं," जनाक्का म्हणाली, "काय करतेस?"

"एवढी एक पाकळी. पटकन होईल."

"पाकळी मधे आहे आणि तू कडेला आहेस. मधल्या सगळ्याचं काय?"

मंजुळा ओढतच राहिली. एक फेरी सुटली. दुसरी सुटली. गुणाजी आता चार चादरी पलीकडे होता आणि कुणाची तरी झालर उलटी करून टोक शोधत होता. सोनाबाईनं एक पाय वरच्या पायरीवर ठेवला. तब्येतीची चौकशी तिनं आज केली नाही.

द्वारकाबाईनं आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला आणि रुमाल चाचपला. बोटं पाकळ्यांवरून फिरली आणि एका पाकळीवर थांबली.

"हीच ना?"

मंजुळेनं वर पाहिलं. "तुम्हाला कळली?"

"परवाच लागली हाताला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर आज पुन्हा गुंडा घेऊन बसलो असतो," द्वारकाबाई म्हणाली. "आता तुझं तू बघ. जागा तुझी आहे. दोरा पण तुझाच आहे." आणि तिनं हात काढून घेतला. एवढं बोलून ती समोरच्या रस्त्याकडे तोंड करून बसली, जसं काही तिला तिथलं सगळं दिसत होतं.

मंजुळेला वाटलं होतं, सासू म्हणेल राहू दे, किंवा म्हणेल उसव. दोन्हींपैकी काहीही म्हणाली असती तरी सोपं झालं असतं. चूक मग सासूची झाली असती.

दोरा तिच्या बोटात ताणलेला होता. ओढला तर रुमाल निर्दोष होणार होता, पुढच्या मंगळवारी. पुढच्या मंगळवारी या चादरीवर सोनाबाई बसलेली असणार होती. नाही ओढला, तर ती पाकळी जगाच्या अंतापर्यंत तशीच राहणार होती, आणि ती मंजुळेची म्हणून राहणार होती.

गुणाजी जनाक्काच्या समोर आला.

मंजुळेनं सुटलेला टाका सुईत धरला. फेरी जिथं जुळत होती तिथवर चार खांब घालून हात आणला. कात्री तिच्याकडे नव्हती. इतक्या दिवसांत तिला कात्रीची गरजच पडली नव्हती. तिनं दोरा दातात धरला. क्षणभर तशीच थांबली. मग तोडला. टोक शेवटच्या टाक्यातून ओढून घट्ट केलं आणि सुईनं आत दडवलं. गुंडा मांडीवरून घरंगळला आणि ओट्यावर एकटाच पडून राहिला.

गुणाजीनं रुमाल उचलला. उलटा केला, सुलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला. लोंबतं टोक सापडेना.

"लहान आहे," तो म्हणाला.

"लहानच करायचा होता," मंजुळा म्हणाली. ओट्यावर बोललेलं तिचं हे पहिलं खोटं.

गुणाजी पुढं गेला. सोनाबाईनं पाय खाली घेतला.

मंजुळेला वाटलं होतं, आता मन शांत होईल. तसं काही झालं नाही. दोन फेऱ्या उसवल्यामुळं रुमाल ताटाला पुरणार नव्हता, आणि ती पाकळी तर आता आणखीच मधोमध आली होती. येणारं जाणारं माणूस तिच्याकडेच बघतंय असं मंजुळेला वाटत राहिलं. तेवढ्यात डोक्यावर दह्याचं मडकं घेतलेली एक बाई ओट्यापाशी थांबली. नाव राहीबाई. मडक्यावर माशा घोंघावत होत्या. तिनं रुमाल उचलून मडक्याच्या तोंडावर ठेवून पाहिला. बरोबर बसला. तिनं भाव केला, पैसे टाकले आणि चालू लागली.

द्वारकाबाईनं पैसे कमरेला खोचले. "विकला?"

"विकला," मंजुळा म्हणाली, आणि उठली. "आलेच, आत्याबाई."

"कुठं निघालीस?"

पण ती पोचलीही होती. भाजीच्या पालांमधून वाट काढत तिनं राहीबाईला गाठलं. राहीबाई मडकं मांडून बसत होती. रुमाल मडक्यावर होता. पाकळी वर.

"मावशी, तेवढा परत द्या. पैसे देते. नाहीतर पुढच्या बाजाराला नीट करून आणते."

राहीबाईनं तिच्याकडे पाहिलं. "का? काय बिघडलंय त्याचं?"

"चुकलाय."

"कुठं?"

मंजुळेनं बोट ठेवलं. राहीबाईनं वाकून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं. मग विचारलं, "यातनं माशा आत जातात का?"

"नाही."

"मग बोट काढ, गिऱ्हाईक आलंय."

खरंच एक बाई भांडं घेऊन उभी होती. राहीबाईनं रुमाल बाजूला केला, दही घातलं, रुमाल परत ठेवला. गिऱ्हाईक बाई जाता जाता म्हणाली, "छान आहे गं झाकण. कुठं घेतलंस?" राहीबाईनं हनुवटीनं ओट्याकडे दाखवलं आणि पुढचं भांडं हातात घेतलं. मंजुळा तिथं उभी होती, पण आता तिच्याकडे कुणाचं काही काम नव्हतं.

ती परत आली. सोनाबाई चादरीच्या कडेला टेकली होती.

"ऊन लागत होतं म्हणून जरा बसले," सोनाबाई म्हणाली.

"बसा की," मंजुळा म्हणाली. "माझी सुई तुमच्या खाली आहे, तेवढी द्या."

सोनाबाई उठली. मंजुळेनं सुई घेतली, गुंडा जवळ ओढला आणि पहिली साखळी घातली. शेजारी जनाक्काची तोरणं धडाधड जात होती. मंजुळेची मान तिकडे वळली. हात थांबला. थोडा वेळ थांबलाच. मग पुन्हा चालू झाला.

पुढच्या मंगळवारी गुणाजीला तिच्या चादरीवर दोन रुमाल दिसले. दोन्हींत काही ना काही चुकलेलं होतं. कुठं, ते मंजुळेला ठाऊक होतं, आणि बोट फिरवल्यावर द्वारकाबाईलाही. बाकी कुणी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी तीन होते.

मंजुळेची घालमेल गेली का? नाही गेली. असल्या गोष्टी जात नसतात. पण पूर्वी ती दोरा तोडायच्या आधी यायची, आता नंतर येते. तोवर रुमाल कुणाच्या तरी घरी पोचलेला असतो.

तात्पर्य: जे काम कधीही उसवता येतं, ते कधीच पुरं होत नाही; दोष दिसत असतानाही ज्याला हात थांबवता येतो, त्याचंच काम चार माणसांच्या उपयोगी पडतं.