पंगतीतला खोकला

“आणि माझ्या वाट्याला खोटी सुई आली तर?” मठाच्या ओसरीवर बसलेल्या भिवागिरीबाबांनी विचारलं.

“नाही येणार.”

“का रं? मी काय सरकारचा जावई?”

“मी आहे ना तिथं,” श्रीपती म्हणाला.

आता डॉक्टर श्रीपती डोईफोडे म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे, बरं का. डोळ्याच्या पडद्याचा डॉक्टर. परदेशात शिकून आलेला, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी चालवणारा. सभेत बोलायला उभा राहिला की भलेभले कान टवकारतात. पण त्याची आई या मठाच्या चुलीपाशी राबली आणि तो इथल्याच पंगतीत जेवून मोठा झाला. बाबांसाठी तो अजून श्रीपत्याच.

बाबांचं दुखणं म्हातारपणाचं. डोळ्याचा पडदा मधोमध झिजत चालला होता. डावा डोळा कामातून गेलाच होता, उजवा त्याच वाटेला लागलेला. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही.

“तुझे कान दिसतात,” बाबा म्हणाले. “तोंडाच्या जागी नुसता धुरकट डाग. कान मात्र अजून तेवढेच मोठे हायेत.”

श्रीपतीला हसू आलं नाही.

“थट्टा पुरे, बाबा. वर्ष-दोन वर्षांत उरलेलंही जाईल. गेलेलं परत आणता येत नाही. पण या औषधानं झीज थांबेल… निदान मंदावेल.”

“नक्की?”

“तेच तर बघतोय. म्हणून अर्ध्या लोकांना खरी सुई आणि अर्ध्यांना खोटी. खोटीत सुईच नसते, नुसती सिरिंज डोळ्याला टेकवायची. कोणाला काय, ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकून ठरवतो. पेशंटला कळत नाही. नजर मी तपासतो, मलाही कळत नाही.”

“तुलाही नाही? एवढा मोठा डॉक्टर तू.”

“म्हणूनच नाही!” श्रीपती रंगात आला. व्याख्यान द्यावं तसा बोलू लागला. “कळलं की मन झुकतं, बाबा. ज्याला औषध मिळालंय तो एखादं अक्षर चुकला तरी आपण म्हणतो, जाऊ दे, वाचलंच त्यानं. मग औषध खरं की आपली हौस, हे कळायचं कसं? उद्या ते लाखो लोकांच्या डोळ्यांत जायचंय.”

“म्हणजे वाटणाऱ्यानं आधी आपले डोळे झाकायचे.”

“अगदी बरोबर!”

“हं…” बाबा म्हणाले.

तेवढ्यात चुलीपासून उठून सगुणाबाई आली. ही शेजारच्या वस्तीवरची म्हातारी, मठात भाकऱ्या थापायला यायची. दुखणं बाबांचंच. तिनंही चाचणीत नाव दिलं होतं.

“लेकरा, मला खरी सुई येईल ना रं? पणतीचं तोंड अजून धड बघितलं नाही मी. नाक कुणावर गेलंय म्हणून ज्याला त्याला विचारत बसते.”

“ते चिठ्ठीवर, मावशी. तिथं कोणाचाच वशिला चालत नाही.”

“बरं लेकरा, नशिबात असंल ते,” म्हणत सगुणाबाई आत गेली.

बाबांनी दाढीवरून हात फिरवला.

“कोणाचाच नाही… आणि माझा?”

श्रीपतीची मान खाली गेली. पण गडी हट्टी.

“तुमची गोष्ट वेगळी आहे. आई गेली तेव्हा रात्रभर मला उराशी धरून कोण बसलं होतं? आज माझ्या हातात औषध आहे. एका माणसाच्या कानावर शब्द घातला की काम झालं. आणि मी तुम्हाला चिठ्ठीवर सोडू? नाही जमायचं मला. माझा जीव आहे तुमच्यावर, बाबा!”

शेवटी शेवटी त्याचा आवाज कापरा झाला.



“जेवून घे आधी,” बाबा म्हणाले. “पोटात काही नसलं की माणूस फार बोलतो.”

या मठाची एक जुनी रीत आहे. वाढणारा डोळ्यांवर उपरणं बांधून वाढतो आणि जेवणारे चकार शब्द काढत नाहीत. सरपंच असो नाहीतर भिकारी, पत्रावळीपुढं बसायचं आणि गप राहायचं. प्रत्येकाला एक ओगराळं कण्या, काठोकाठ.

बाबांनी भगवं उपरणं डोळ्यांवर गुंडाळलं.

“आता कशाला ते?” श्रीपती कुजबुजला. “तसंही तुम्हाला तोंडं दिसत नाहीत.”

“कान दिसतात की!”

पंगत बसली. बाबांच्या एका हातात कण्यांची बादली, दुसऱ्यात ओगराळं. सगुणाबाई कोपराला धरून त्यांना पुढं नेत होती.

एक ओगराळं, की पुढं. एक ओगराळं, की पुढं.

बाबा श्रीपतीपुढं आले, ओगराळं भरलं, आणि तो खोकला. मुद्दाम की आपसूक, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. लहानपणीही तो असाच खोकायचा. आपण इथं बसलोय, हे बाबांना कळावं म्हणून.

बाबांचा हात थबकला.

भरलेलं ओगराळं बादलीवर कललं. निम्म्या कण्या परत गेल्या. उरलेल्या श्रीपतीच्या पत्रावळीवर पडल्या, आणि बाबा पुढं निघाले.

पुढच्याला काठोकाठ.

एवढा मोठा डॉक्टर, पण डोळ्यांत टचकन पाणी आलं हो त्याच्या. लहानपणीही असंच व्हायचं. कितीदा तो अर्धपोटी उठला होता आणि आईपाशी जाऊन रुसला होता, की बाबांना मी आवडतच नाही.

पंगत उठली तसा तो बाबांपुढं जाऊन उभा राहिला.

“मलाच अर्धं का, बाबा? तेव्हाही आणि आजही?”

बाबांनी उपरणं अजून सोडलं नव्हतं.

“तू खोकायचास रं.”

“म्हणून शिक्षा?”

“शिक्षा कसली, येड्या! तू खोकलास की कळायचं, माझा श्रीपत्या बसलाय. मग हात दोन ओगराळी वाढायला धावायचा. त्याला मी मागं ओढायचो… लई ओढायचो. त्या ओढाओढीत तुला भूक किती, ते बघायचंच राहून जायचं.”



“कधी सांगितलं नाहीत,” श्रीपती हळूच म्हणाला.

“आज सांगितलं की. जा, दुसऱ्या पंगतीला बस. अजून उपाशी आहेस तू.”

“कुठं बसू?”

“ते मला सांगू नको.”

दुसरी पंगत बसली. गुराखी आले, मठाच्या गोठ्यातले गडी आले, वाटेवरचे कोणी दोघे-तिघे आले. श्रीपती त्यांच्यात शिरून मांडी घालून बसला. ओठ घट्ट मिटले, श्वाससुद्धा बेतानं घेतला.

ओगराळं आलं. काठोकाठ भरलेलं. उलटं झालं आणि पुढं गेलं.

त्या कण्या खाताना त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारच्या गुराख्याला वाटलं, पत्रावळीवरचा ठेचा झोंबला असेल. त्यानं मुकाट्यानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

जेवण उरकल्यावर श्रीपती बाबांच्या पायांशी येऊन बसला.

“मी कोणाच्या कानावर शब्द घालणार नाही,” तो म्हणाला. “तुमची चिठ्ठी कॉम्प्युटरच टाकेल. मावशीची टाकेल तशीच.”

“हं…”

“पण खोटी आली तर बाबा… आणि वर्षभरानं तुम्हाला माझे कानही दिसले नाहीत तर…”



बाबांनी चाचपडत हात पुढं केला. खांदा लागला, मान लागली, मग कान सापडला. तो त्यांनी चिमटीत धरून हळूच पिरगळला, लहानपणी पिरगळायचे तसा, आणि तसाच धरून ठेवला.

श्रीपतीनं डोळे पुसले.

“सोमवारी दवाखान्यात यायला गाडी पाठवतो,” तो म्हणाला.

“गाडी नको धाडू. सगुणेसंगं एस.टी.नं येतो. तुझ्या बाकड्यावर सगळ्यांच्या रांगेत बसतो… आणि मी खोकणार नाही.”