ग्लेबच्या घराण्याची भाकर

एका राज्यात आठ महिने बर्फ असे आणि चार महिने चिखल. तिथल्या राजवाड्याची भट्टी फेदोत पेटवायचा. आता त्याला दात नाहीत, राज्याला राजा नाही, तरी उल्याना आली की म्हणते, "फेदोतबाबा, सांगा ना." आणि हा खेकसतो, "पुन्हा? तोंड दुखतं माझं. ऐकायचं तर गप बसून ऐक."

तर ग्लेब होता साधा लाकूडतोड्या. जंगलातल्या चेटकिणीने त्याला बर्फाचा मुकुट दिला. बर्फाचा, पण वितळत नसे. ती म्हणाली, "दर वर्षी वेशीवर ये. समोर उभा असेल त्याच्या हातची भाकर मिठाला लावून खा. खाशील तोवर राज्य तुझं. वंशात तीनदा चूक झाली, की घरातलं लेकरू गोठेल."

"भाकरच ना? खाईन," ग्लेब म्हणाला.

त्याने खाल्ली. लेकाने खाल्ली, नातवाने खाल्ली. राज्य या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत गेलं. काय दिवस होते ते! घुंगरांच्या घसरगाड्या यायच्या, घोड्यांच्या नाकातून वाफ निघायची, आणि राजा बोटं चाटत हसायचा. फेदोतच्या आज्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग राजांना किळस यायला लागली. एकाने नुसता वास घेतला. समुद्र हातचा गेला. दुसऱ्याने चाकराला खायला लावलं. फौज घरी निघून गेली. तिसरा अर्सेनी. त्याने हातमोजा घालून भाकरीला बोट लावलं, झालं.

फेदोत ओरडला, "महाराज, मोजा काढा! खा!"

"या धुरकट थेरड्याला हाकला."

त्याच दिवशी राजाची पाच वर्षांची लेक उल्याना जेवताजेवता गोठली. हातात चमचा तसाच. तिला भट्टीच्या उबेला फेदोतनेच वाढवलं होतं. कळताच तो ज्या दारातून हाकललं होतं त्याच दारातून परत आत शिरला. शापाच्या भीतीने पहारेकरी पळाले होते, अडवायला कुणी उरलंच नव्हतं.

छपरावर डोमकावळा बसला होता, ग्लेबच्या वेळचा. तो बोलला, "तीन कामं. राजाने स्वतः पीठ मागावं. स्वतः भाकर भाजावी. उघड्या हातावर ती घेऊन वेशीवर उभं राहावं. कुणी खाल्ली तर पोर उठेल, मुकुट जाईल."

"जाऊ दे मुकुट," अर्सेनी म्हणाला.

नऊ दारं तोंडावर आपटली, दहाव्याने मूठभर पीठ दिलं. भाजताना फेदोत करवादला, "उलटा, महाराज! तीनशे वर्षं खाल्लीत, एक भाजता येईना!"

वेशीवर लोक आले, बघून पुढे गेले. भाकर गार पडू लागली. शेवटी मात्र्योना थांबली. तिचे दोन लेक राजघराण्याच्या लढाईत गेले होते.

"तुला हात आहेत होय? मला वाटलं, नुसते मोजेच."

"माफ कर, आई."

ती बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिली. मग तुकडा मोडला, मिठाला लावला, चावला.

"करपलीय," म्हणाली, आणि गिळला.

मुकुट वितळून अर्सेनीच्या मानेवरून ओघळला. नदीचा बर्फ कडाडून फुटला. महालात चमचा खणकन पडला.

राज्य लोकांचं झालं. वेशीवर येईल त्याला आता भाकर मिळते. उल्यानाला गावातच ठेवून निघताना अर्सेनीने दारोदार मान लववून माफी मागितली. फेदोत भट्टीमागे राख काढत होता. तिकडे अर्सेनी वळलाच नाही.

तरी घसरगाडीचे घुंगरू वाजले की म्हातारा भाकर-मीठ घेऊन दारात उभा राहतो.

"कुणाची वाट बघता, बाबा?" उल्याना विचारते.

"माफी यायचीय एकाकडून."

"कुणाकडून?"

"तुझ्या बापाकडून. त्या अर्सेनीकडून."