वारा पडल्यावरच्या लाटा

समुद्रकाठी एका वृद्ध आचार्यांची पाठशाळा होती. त्यांचा एक शिष्य घरचा पिढीजात तेलाचा घाणा सोडून, वडिलांशी भांडून विद्येसाठी आला होता.

त्याच्या गावाहून एक फिरता व्यापारी आला आणि वडिलांचा निरोप सांगून मोकळा झाला : "तू आम्हाला मेलास. पुन्हा उंबरठा चढू नकोस." बोलणे दिवाळीतले, आणि हा गृहस्थ बाजारामागून बाजार करत पोचला तो होळी तोंडावर आल्यावर. शिष्याने मात्र ते जणू बाप समोर उभा आहे असेच ऐकले.

"आता त्या घराचं नाव काढणार नाही," तो रडत म्हणाला.

आचार्य त्याला किनाऱ्यावर घेऊन गेले. तिथे त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढून दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरले आणि तसेच उभे राहिले. मासळी वाळवणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. शिष्याला कुठे तोंड लपवावे असे झाले.

"गुरुजी, हे काय?"

"वारा शोधतोय. दिसतो का बघ."

उपरण्याची कडसुद्धा हलत नव्हती. समोर लाटा मात्र धडाधड आदळत होत्या.

"वारा मुळीच नाही."

"मग ह्या कुणी उठवल्या?"

आचार्यांनी उपरणे खांद्यावर टाकले.

"दूर भर समुद्रात वादळ झालं असेल. वाऱ्याने पाण्याला जोर दिला, तो जोर सरकत सरकत इथवर आला. पाणी तिथलं तिथेच राहिलं. खोल पाण्यात ही लाट कुणाला जाणवलीही नसती. इथे तळ उथळ लागला, म्हणून उंच होऊन फुटली. तोवर तिकडचं वादळ केव्हाच शमलं असेल. तुझ्या वडिलांचा राग दिवाळीचा, बाळ. फुटला तो आज, तुझ्यापाशी."

"आणि अजून शमला नसेल तर?"

"नसेलही. पण ते इथे उभं राहून कसं कळणार?"

दुसऱ्या दिवशी शिष्य निघाला. वाटेत कितीदा तरी त्याला मागे फिरावेसे वाटले. तो पोचला तेव्हा वडील घाण्याला बैल जुंपत होते. मुलाला पाहताच त्यांच्या हातातली दोरी गळाली.

"तो व्यापारी भेटला नाही ना रे तुला?" त्यांनी घाबऱ्याघाबऱ्या विचारले. "त्याच संध्याकाळी मी त्याच्यामागे धावलो होतो. पण तो पार पुढे निघून गेला होता."

मुलाने त्यांच्या पायांवर डोके ठेवले.

"भेटला, आबा," तो म्हणाला. "म्हणून तर आलो."