दोन घरांचं एक गटार

डोंगराच्या कुशीत एक चिमुकली पेठ होती. तिथे सकाळचं ऊन आधी उतरायचं ते गोदा रंगारणीच्या दोऱ्यांवर. हळदीचं पिवळं, मंजिष्ठेचं लाल, निळीचं गर्द निळं लुगडं वाऱ्यावर झुलायचं आणि अख्खं अंगण झुलतंय असं वाटायचं. पण गोदाच्या आठ वर्षांच्या लेकीचे, तुळसाचे पाय मात्र नेहमी चिखलात असायचे.

कारण होतं गटार. तुळसाच्या घराला लागूनच दामूशेठ हलवायाचा भटारखाना होता. दोन्ही घरांचं पाणी एकाच दगडी गटारातून वाहायचं आणि मागच्या बागेत जायचं. दर आठ दिवसांनी ते गटार तुंबायचं. रंगारणीचं अंगण सखल, म्हणून घाण पाणी आधी तिच्याकडे चढायचं. सुकलेली लुगडी पुन्हा धुवावी लागायची, चूल विझायची. मग मायलेकी बांबू घेऊन बसायच्या आणि कोपरापर्यंत हात घालून गटार मोकळं करायच्या. हाताला लागायचं ते थिजलेलं तूप, जळक्या तेलाचा साका, बुंदीचा लगदा.

गोदा दामूशेठकडे कितीदा तरी सांगायला गेली. तो गादीवरून उठायचाही नाही. उलट म्हणायचा की तुमच्या झाडपाल्याच्या रंगांनीच गटार तुंबतं. आता तर त्याने पेठेचे पंच आबाजी यांच्याकडे तक्रार केली होती. रंगकाम बंद करा, एवढंच त्याचं मागणं. निवाडा दुसऱ्या दिवशी सकाळी होता.

त्या दुपारी तुळसा बागेत गेली. गटाराचं पाणी येत नव्हतं, तशी कर्दळ मान टाकून उभी होती आणि अळूची पानं कडेने पिवळी पडली होती. गटाराच्या तोंडाशी पांढऱ्या तुपाचा गोळा साचला होता, आणि त्या गोळ्यात काहीतरी लुकलुकत होतं. तुळसा वाकली. ती एक परी होती, करंगळीएवढी. तिचे मोरपंखी रंगाचे पंख तुपात चिकटून बसले होते.

तुळसाने तिला अलगद ओंजळीत घेतलं. रिठ्याचं कोमट पाणी आणलं, त्याचा पांढरा शुभ्र फेस केला आणि कापसाच्या बोळ्याने एकेक पंख धुतला. अळूच्या पानावर बसून परीने पंख उन्हात वाळवले, तसे त्यांतून निळे, हिरवे, सोनेरी कण उडाले.

परी म्हणाली, "तुझ्या दोन इच्छा मी पुऱ्या करीन. पण माझ्या जादूला नियम आहेत. कुणाला इजा होईल असं मागायचं नाही. ज्याच्याबद्दल मागशील त्याच्या समोर, उजेडात, मोठ्याने मागायचं. आणि माणसाच्या मनावर माझी जादू चालत नाही."

तुळसाला आधी वाटलं, गटार कायमचं मोकळं व्हावं असं मागावं. परीने नकारार्थी मान हलवली. गटार आज मोकळं होईल, पण उद्या दामूशेठ पुन्हा तूप ओतेल, आणि त्याचा हात तिला धरता येणार नाही. मग तुळसाच्या मनात आलं, शेठच्या गादीवरच सगळी घाण उलटावी. पण तो तर पहिलाच नियम होता. तुळसा विचार करत राहिली.

दुसऱ्या दिवशी अंगणात पेठ जमली. आबाजी खाटेवर बसले. दामूशेठ मोठ्या आवाजात बोलत होता आणि गोदा पदर मुठीत धरून ऐकत होती. तुळसा पुढे झाली. ती थेट शेठच्या समोर जाऊन उभी राहिली.

"या जमिनीखाली काय वाहतंय ते सगळ्यांना दिसू दे," ती म्हणाली.

गटारावरच्या काळ्या फरश्या काचेसारख्या झाल्या. एका बाजूने रंगाचं पाणी येत होतं, पातळ, झुळझुळतं, गुलाबी आणि निळं. दुसऱ्या बाजूने पांढरट जाड साका ढकलत येत होता आणि मधोमध घट्ट बसत होता. बायकांनी नाकाला पदर लावले. कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही.

आबाजी खाकरले. पण देवळाच्या उत्सवाला लाडू दामूशेठच द्यायचा. आबाजी म्हणाले, रंगकाम चालू राहील, बाकीचं शेजाऱ्यांनी आपसात मिटवून घ्यावं. दामूशेठ हसला. गटार काढायची सवय यांनाच आहे, हेच काढतील, असं म्हणून तो वळला.

तुळसाने आईच्या हातातला बांबू घेतला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

"आजपासून आम्ही तुमची घाण काढणार नाही," ती म्हणाली. "आमच्याकडचं गटाराचं तोंड आम्ही बंद करतो. तुमचं तुम्ही बघा."

गोदाने लेकीकडे पाहिलं. इतके दिवस दोष आपल्यावर येईल म्हणून ती भीत होती. आता सगळ्यांनी पाहिलं होतं. तिने दगड आणला, तुळसाने माती कालवली आणि दोघींनी आपल्या अंगणातलं गटाराचं तोंड लिंपून टाकलं.

रंगाचं पाणी सोडायला जागा नव्हती, म्हणून रंगकामही थांबलं. लग्नघरातून रंगवायला आलेली पंधरा लुगडी पांढरीच राहिली. दोघी भाकरीसोबत मीठ-मिरची खाऊन राहिल्या. पहिल्या दिवशी तुंबलेलं पाणी उलटून भटारखान्यातच साचलं. दुसऱ्या दिवशी ते भट्टीला लागलं. शेठने नोकराबरोबर पेढ्यांचा पुडा पाठवला. केशराचा वास तुळसाच्या नाकात शिरला, पण तिने पुडा तसाच परत केला.

तिसऱ्या दिवशी दामूशेठ स्वतः आला. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात कुदळ.

"काय करायचं ते सांग, पोरी," तो खाली बघत म्हणाला.

तुळसाने सांगितलं. भटारखान्याच्या दाराशी खड्डा खणायचा, साका त्यात थांबवायचा, पाणी तेवढं गटारात सोडायचं, आणि दर आठवड्याला खड्डा त्यानेच उपसायचा. शेठ दुपारपर्यंत खणत होता. संध्याकाळच्या आत खड्डा पुरा झाला, गटार त्याने आपल्या हाताने मोकळं केलं, आणि मग मायलेकींनी आपल्याकडचं गटाराचं तोंड उघडलं. पाणी खळखळत बागेकडे धावलं.

सकाळी परी दोरीवर येऊन बसली. लग्नघरची माणसं दुपारी येणार होती आणि लुगडी अजून पांढरीच होती. गोदा घाईघाईने चुलीवर पातेली चढवत होती. तुळसा आईपुढे उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "माझ्या आईला आज एक दिवस नुसतं बसून राहू दे."

परी खुदकन हसली. ती पहिल्या लुगड्यातून आरपार गेली, ते डाळिंबी झालं. दुसऱ्यातून गेली, ते पोपटी झालं. मग जांभळं, केशरी, आकाशी, मोतिया. पंधराव्या लुगड्यातून ती बाहेर आली तेव्हा तिचा फक्त एक सोनेरी झोत उरला होता. तो झोत अंगणभर पसरला आणि उन्हात मिसळून गेला.

गोदाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. ती कोरड्या ठणठणीत अंगणात पाय पसरून बसली, आणि तुळसा तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली.