साक्षीला बोलावलेली नदी

एकदा एक शिष्य प्रेमात पडला आणि, व्हायचं तेच झालं, त्याने कविता लिहिली. शार्ङ्गधर त्याचं नाव. खाडीकाठच्या एका गावात तो वृद्ध आचार्यांकडे काव्यशास्त्र शिकत असे. गावातल्याच सुलभेवर त्याचा जीव जडला होता. तिला नुकतंच एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं आणि तिच्या वडिलांनी, कौतुक करावं तेवढं थोडं, निर्णय तिच्यावरच सोपवला होता. तेव्हापासून आमच्या कवीची झोप उडाली होती.

सुलभेला देण्याआधी त्याने कविता आचार्यांना वाचून दाखवली. नदी सागराच्या ओढीने धावते, वेल आम्रवृक्षाला मिठी मारते, भ्रमर कमळाकडे झेपावतो; आणि शेवटी, 'अवघी सृष्टी जोडीने नांदते, मग सखे, तूच का दूर?'

"आचार्य, हे वाचून ती नाही म्हणूच शकणार नाही!"

"सुंदर," आचार्य म्हणाले. "चल, तुझ्या साक्षीदारांना भेटून येऊ."

काठी उचलून ते भर दुपारी त्याला खाडीवर घेऊन गेले. काठावर उभं करून म्हणाले, "आता नदीकडे बघून म्हण."

शार्ङ्गधर गोंधळला. पण गुरूची आज्ञा! त्याने खड्या आवाजात सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला जीभ अडखळली. भरती लागली होती. समुद्राचं पाणी खाडीत चढत होतं आणि त्याची ती सागराकडे धावणारी नदी चक्क उलटी, डोंगराकडे निघाली होती. एक वाळकी झावळी तिच्यावर बसून ऐटीत वर चालली होती. मासे वाळत घालणाऱ्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"थांबलास का रे?"

"नदी उलटी वाहतेय, आचार्य."

"साक्षीदार फिरला म्हणायचा! बरं, आंब्याला विचारू."

परतीच्या वाटेवर आंब्याचं झाड होतं. त्याच्या फांदीत बांडगूळ घट्ट रुतून बसलं होतं. आचार्यांनी काठीने ते दाखवलं. "मिठी हीसुद्धा आहे. आंब्याला कुणी विचारलं होतं का? आणि भुंगा त्या कमळावरून उठून पुढे कुठे जातो, ते माझ्या तोंडून कशाला ऐकतोस!"

शार्ङ्गधराचा चेहरा अगदी पाहण्यासारखा झाला. "मग फाडून टाकू का कविता?"

आचार्य आंब्याच्या पारावर टेकले. "खुळा आहेस. फाडतोस कशाला? प्रेमात पडलेल्याला जिकडेतिकडे जोड्याच दिसतात आणि ते खरंच असतं. पण त्यातून तुझं मन कळतं, तिचं नव्हे. कवितेची रचना बघ. सोयीचे तेवढे साक्षीदार तू बोलावलेस, त्यांच्याकडून हवं ते वदवून घेतलंस आणि मग त्या मुलीला एकटीला समोर उभं केलंस. आता ती नाही म्हणाली, तर ती शार्ङ्गधराला नकार देत नाही. ती सृष्टीचा नियम मोडते! अरे, ही विनवणी झाली की कोंडी? मन वळवायची ही युक्ती सुरेख आहे, मोठमोठे कवी तिच्यावर जगतात. पण एवढ्या नद्या, वेली, भुंगे जमले, त्यात सुलभा कुठे आहे?"

शिष्याने कवितेचा कागद घडी घालून कमरेला खोचला. मग नमस्कार करून तडक निघाला.

संध्याकाळी परतला तो शीळ घालतच.

"हो म्हणाली वाटतं?" आचार्यांनी विचारलं.

"नाही. मी शेवटची ओळ खोडली, कविता दिली आणि साधंच विचारलं, 'मला तू आवडतेस. तुझ्या मनात काय आहे?' तर म्हणाली, 'मी कुणात काय पाहावं, ते सगळे सांगतात. माझ्या मनात काय आहे, हे तू पहिल्यांदाच विचारतोयस. मला विचार करू दे.' मग तिच्या मनातलं सांगत बसली. आचार्य, तिला खाडीचा वाससुद्धा सहन होत नाही! आणि माझं पहिलंच कडवं तिथल्या नदीवर!"

आचार्य मनमुराद हसले. "आणि त्या स्थळाचं काय?"

"ते तिचं ती ठरवेल," शार्ङ्गधर म्हणाला. एवढं बोलून तो थांबला, आणि ज्या स्थळाने झोप उडवली होती त्याबद्दल आपण काय बोललो हे ध्यानात येऊन स्वतःही हसू लागला.