हर्षलाची दुभाषी

“पण तीच का, बाई? मी का नाही?”

अनसूयेनं हे दुसऱ्यांदा विचारलं. भागीरथीबाई मटार सोलत राहिल्या.

इंग्लंडातल्या एका गावात बाईंनी चाळीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. निवृत्तीनंतर त्यांनी घर सोडावं लागलेल्या बायकांसाठी सहा खोल्यांचा निवारा उघडला. तो चालू ठेवायचा की बंद करायचा, हे उद्या नगरपालिकेच्या सभेत ठरणार होतं. तिथं एकीनं आपली हकिगत सांगायची होती, आणि बाईंनी हर्षलाला निवडलं होतं.

हर्षला जतकडची. निवाऱ्यात येऊन चारच महिने झालेले. इंग्रजी येत नव्हतं, आणि मराठीतही चार वाक्यं सलग बोलत नव्हती.

अनसूया बोलायला लागली की सभा तिच्या मुठीत. त्र्यंबकच्या वेदमूर्तींची ही मुलगी. भावांच्या संथा कानावर पडून पडून तिला सूक्तं पाठ झाली. अकराव्या वर्षी एक मोठ्यानं म्हटलं, तर वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. लग्न होऊन ती इकडे आली, तसं सोवळंही मागोमाग आलं. महिन्याचे तीन दिवस तिची गादी गॅरेजमध्ये पडायची. एका जानेवारीत ती तिथूनच पायांत चपला अडकवून निघाली, ती थेट बाईंच्या दारात. त्यानंतरची बारा वर्षं मोर्चे, भाषणं, वर्तमानपत्रांत फोटो.

नाव अनसूया, पण बाई हर्षलाला आग्रह करून वाढायच्या तेव्हा हिच्या घशाखाली घास उतरत नसे.

“तुझी गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झालीय,” बाई म्हणाल्या. “उद्या तू दुभाषी हो. ती ‘मी’ म्हणेल तिथं तूही ‘मी’च म्हणायचं.”

अनसूयेला ते पटलं नाही. पण गेली.

सभेत हर्षला खाली मान घालून उभी राहिली.

“दाराला कुलूप नव्हतं,” ती म्हणाली.

अनसूयेनं ते इंग्रजीत सांगितलं आणि पदरचं एक वाक्य जोडलं, पिंजऱ्याचं आणि पंखांचं. त्यावर नेहमी टाळ्या पडायच्या. पहिल्या रांगेतून बाईंनी तळहात वर केला. हर्षला पुढं बोलू लागली.

“दार उघडंच असायचं. पण सासूबाई म्हणायच्या, तू गेलीस तर मागं तुझ्या बहिणीला कोण करून घेईल...”

“माझ्या बहिणीला...” अनसूया इंग्रजीत म्हणाली, आणि तिला पुढचं बोलवेना.

त्र्यंबकला माहेरी तिचीही धाकटी बहीण होती, मंगला. अनसूयेनं घर सोडलं आणि मंगलाचं ठरलेलं लग्न मोडलं. बारा वर्षांच्या भाषणांत हे नाव एकदाही आलं नव्हतं. निवाऱ्यातल्या पहिल्या दिवशी तिनं ते फक्त बाईंना सांगितलं होतं.

सभागृह थांबून राहिलं. हर्षलानं तिचं मनगट धरलं, आणि अनसूयेनं ते वाक्य पुरं केलं. जसं होतं तसं.

निवारा वाचला. सभा संपल्यावर माणसं हर्षलाभोवती जमली. कुणी तिचा हात हातात घेतला, कुणी रडलं. दुभाषीचं नाव कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी अनसूया स्वयंपाकघरात बाईंसमोर बसली.

“सगळं कळलं, बाई. तुम्ही असं का केलंत तेही कळलं. तरी सगळे तिच्याभोवती जमले तेव्हा आत जळतच होतं. अजून जळतंय. हे कसं विझवायचं?”

बाईंनी कागद आणि पेन तिच्यापुढं सरकवलं.

“विझवू नकोस. तेवढ्या उजेडात मंगलाला पत्र लिही.”